दोन मात्रांमधली जागा

तबल्याच्या क्लासात नवे मूल येते, तेव्हा पहिल्या दिवशी त्याला बहुधा बोटे कुठे ठेवायची हे शिकवतात. अनामिका शाईच्या कडेला टेकवायची आणि तर्जनी चाटेवर मारायची, की ‘ना’ वाजतो. तर्जनी लवेवर आणली की ‘तिं’. डग्ग्यावर मनगट टेकवून बोटांच्या टोकांनी आघात केला की ‘गे’. दोन्ही हात एकत्र पडायला लागले की ‘धा’ जमला म्हणायचे. मग तीनतालाचा ठेका वहीत लिहून दिला जातो आणि पुढचे कित्येक महिने गुरुजी एकच तक्रार करत राहतात: पळू नकोस, लय धर. मूल पळतेच. त्याला दरडावले तर चार मात्रा रेंगाळते आणि पाचवीला पुन्हा धावू लागते. हा दोष आपण मुलाच्या घाईच्या स्वभावावर, सराव न करण्यावर, फार तर मोबाईलवर ढकलतो. माझ्या मते दोष शिकवण्याच्या क्रमात आहे. नवशिक्या चुकतो तो दोन मात्रांमधल्या मोकळ्या जागेत, आणि ती जागा सांभाळायचे काम सुरुवातीला हाताला झेपत नाही. तोंडाला झेपते. म्हणून ठेका आधी म्हणता यावा, हातावर टाळी-खाली देत बिनचूक म्हणता यावा, आणि त्यानंतरच तो वाजवायला घ्यावा. जुने उस्ताद असेच शिकवत, एवढे या क्रमाच्या बाजूने पुरेसे नाही. जुने उस्ताद बऱ्याच गोष्टी करत. या क्रमामागे तपासून पाहता येतील अशी कारणे आहेत.

तीनतालच घेऊ. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. आपल्याकडे सर्रास शिकवला जाणारा ठेका असा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. वहीत हे चार ओळींचे सोपे प्रकरण दिसते. पण डग्ग्याकडे कान ठेवून ऐकले तर त्यातली मेख कळते. हाताने खाली दाखवतो ती नववी मात्रा, पण त्या मात्रेवर बोल ‘धा’च आहे, म्हणजे डग्गा तिथे घुमतोच. तो गप्प होतो दहाव्या मात्रेला. टाळी परत येते तेराव्या मात्रेवर, आणि तिथे बोल आहे ‘ता’. डग्गा अजून गप्पच. तो परततो चौदाव्या मात्रेला. म्हणजे हाताची खाली आणि डग्ग्याची खाली यांच्यात एका मात्रेचे अंतर आहे: घुमारा एक मात्रा उशिरा जातो आणि एक मात्रा उशिरा परततो. गवयाला समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, चाहूल लागते ती या परतण्यामुळे. चौदाव्या मात्रेला डग्गा बोलला की तीन मात्रांवर सम आहे, हे त्याच्या अंगाला मोजल्याशिवाय कळते. ठेक्याचा सगळा उपयोगच हा आहे. तो नुसता सोळा ठोक्यांचा हिशेब असता तर सोळा वेळा ‘ना’ वाजवून भागले असते.

आता ज्या मुलाचे सारे लक्ष अनामिका उचलली तर जात नाही ना याकडे लागलेले आहे, त्याला हे परतणे ऐकू येईल का? येत नाही. त्याच्या लेखी सोळा आघात ओळीने करायचे असतात आणि सोळावा झाला की पुन्हा पहिला. एखादा आघात निसटला की त्याला आपण कुठे आहोत हे सांगता येत नाही, कारण त्याने रस्ता पाहिलेलाच नसतो, फक्त पावले मोजलेली असतात. तेच मूल मांडीवर टाळी देत हा ठेका तोंडाने म्हणू लागले तर हात विभाग दाखवतो आणि तोंड घुमारा दाखवते. दोन्ही थर एकाच वेळी त्याच्या शरीरात चालू राहतात, आणि त्यांच्यातले एका मात्रेचे अंतर त्याला कुणी न सांगता जाणवते. रूपकात तर हे आणखी लख्ख होते. सात मात्रांच्या या तालात सम आणि खाली एकाच जागी येतात. पहिल्या मात्रेवर हात उलटा पडतो, ठेका ‘तीं तीं ना’ असा डग्ग्याविना सुरू होतो आणि जोर येतो तो चौथ्या व सहाव्या मात्रेवर. नुसत्या बोटांनी रूपक शिकलेली मुले चौथ्या मात्रेलाच सम समजून बसतात, ही चूक कोणत्याही क्लासात पाहायला मिळेल.

पळण्याचे काय, या प्रश्नावर मात्र संगीताच्या बाहेरचा पुरावा अधिक कामाचा आहे. माणूस लय कशी धरतो, यावरचे प्रयोग सव्वाशे वर्षांहून जुने आहेत. १८८६ साली एल. टी. स्टीव्हन्स या संशोधकाने एक साधी रीत वापरली: मेट्रोनोमबरोबर ठोके द्यायला लावायचे, मग मेट्रोनोम बंद करायचा आणि माणूस तीच गती पुढे किती सांभाळतो ते मोजायचे. पुढे पॉल फ्रेस या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने दाखवले, की माणसाला सोयीचे वाटणारे दोन ठोक्यांमधले अंतर साधारण ०.६ सेकंदाच्या आसपास असते. म्हणजे मिनिटाला सुमारे १०० ठोके, आपल्या भाषेत मध्य लय. ब्रूनो रेप यांनी २००५ साली या विषयावरच्या शेकडो प्रयोगांचा जो आढावा घेतला त्यातल्या दोन गोष्टी शिक्षकांनी भिंतीवर लिहून ठेवाव्यात. पहिली अशी की ठोक्याबरोबर ठोका देणारा माणूस ठोका ऐकून हात हलवत नाही. तो अंदाजाने आधीच निघालेला असतो आणि बहुतेक वेळा ठोक्याच्या किंचित आधीच पोचतो. लय धरणे म्हणजे पुढचा क्षण आधी ओळखणे. दुसरी गोष्ट अशी की दोन ठोक्यांमधले अंतर पावणेदोन-दोन सेकंदांच्या पुढे गेले की ही ओळखण्याची ताकद कोसळते. माणूस मग ठोक्याची वाट पाहू लागतो आणि ऐकू आल्यावर मागून हात टाकतो.

आता ‘हळू वाजव’ या सल्ल्याकडे पाहा. मिनिटाला ४० मात्रांच्या लयीत दोन मात्रांमध्ये दीड सेकंद जातो. ३० मात्रांच्या लयीत दोन सेकंद. नवशिक्याला सोपे जावे म्हणून आपण त्याला जिथे नेतो तो प्रदेश माणसाच्या नैसर्गिक लयीपासून सर्वांत दूरचा आहे. मूल तिथून पळते ते मध्य लयीकडे, जिथे त्याचे शरीर त्याला खेचत असते. तरीही ‘हळू’ हा सल्ला चुकीचा म्हणता येत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. बोटाला धीमी लय हवीच असते. नवा आघात बसवताना मनगटाचा कोन, बोटाचा भार, आघातानंतर बोट उचलायचे की दाबून ठेवायचे, हे सगळे जुळवायला वेळ लागतो. म्हणजे बोटाला विलंबित सोपे आणि कालभानाला मध्य सोपे. आपण नवशिक्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच हाताने, एकाच लयीत करायला लावतो आणि मग त्याच्यावर चिडतो. या दोन कामांची फारकत करणे हाच उपाय. आघातांचा सराव तालाविना, हवा तितका सावकाश करावा. तालाचा सराव तोंडाने, आधी सोयीच्या लयीत करावा आणि मग हळूहळू खाली उतरावे. उतरताना ती रिकामी जागा भरत जावी. मिनिटाला ४० मात्रा असतील तर प्रत्येक मात्रेत दोन अक्षरे म्हटली की मधले अंतर पाऊण सेकंदावर येते आणि कालभान पुन्हा आपल्या ओळखीच्या मुलखात येते. रेप यांच्याच प्रयोगांत लांब अंतराचे असे तुकडे पाडल्याने ठोका अधिक नेमका पडतो, हेही दिसले आहे. परीक्षेत जी ‘दुगुन’ आपण पोपटासारखी म्हणून मोकळे होतो तिचा मूळ उपयोग हा आहे.

मोठे वादकही वेगळे काही करत नाहीत. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची झाली, तर बारा मात्रांच्या एका आवर्तनाला ४८ सेकंद लागतात. चार सेकंदांचे अंतर कोणाही माणसाला नुसत्या अंदाजाने पेलवत नाही, मग तो कितीही मोठा तबलजी असो. म्हणून त्या ठेक्यात ‘धागे’ आणि ‘तिरकिट’ यांचा भरणा असतो, आणि जिथे हात थांबलेला दिसतो तिथेही वादकाच्या आत चार-चारचे वजन चाललेले असते. मार्टिन क्लेटन यांनी २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानी लयीवरील ग्रंथात अशा अतिविलंबित लयींची सविस्तर चर्चा केली आहे. वादकाच्या आत जे चालते ते नवशिक्याच्या बाहेर, ऐकू येईल असे चालवावे, एवढीच पढंतीची, म्हणजे ठेका तोंडाने म्हणण्याची, मागणी आहे.

पण मधली जागा भरायची तर मनातल्या मनात एक-दोन-तीन-चार मोजले तरी चालेल, बोलच कशाला हवेत? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे, की आकड्यांना वजन नसते. ‘सात’ हा आकडा ‘तीन’पेक्षा जड नाही, पण ‘धा’ हा ‘ता’पेक्षा जड आहे, आणि तो जडपणा जिभेवरच जाणवतो. बोल ही आपली सोय म्हणून ठरवलेली नुसती नावे आहेत की त्यांच्या उच्चारात खरोखर त्या आघाताचा आवाज आहे, हे अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हर्सन यांनी २००३ साली तपासले. तबल्याचे आघात आणि त्यांचे उच्चार यांच्या ध्वनीत मोजता येईल इतके साम्य त्यांना आढळले. तबल्याची काहीच ओळख नसलेल्या परदेशी श्रोत्यांनाही बोलांच्या आणि आघातांच्या जोड्या निव्वळ अंदाजापेक्षा चांगल्या लावता आल्या. म्हणजे मूल ‘धिं’ म्हणते तेव्हा ते तबल्याचे नाव घेत नसते, तबला वाजवत असते. फक्त त्यासाठी लागणारे स्नायू त्याने जन्मल्यापासून तयार केलेले असतात. जीभ ही पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या शरीरातली सर्वांत तरबेज गोष्ट. ती रिकामी ठेवून सर्वांत अननुभवी अवयवाला, म्हणजे डाव्या मनगटाला, लय सांभाळायला सांगण्यात कोणते शहाणपण आहे?

झाकीर हुसेन यांचा जन्म झाला तेव्हा अल्लारखाँ यांनी बाळाच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, ही हकिकत झाकीरभाई स्वतः मुलाखतींत सांगत. ती ऐकायला गोड आहे, पण पुरावा म्हणून मी ती वापरणार नाही. असामान्यांच्या चरित्रातून सामान्यांचा अभ्यासक्रम निघत नाही. गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी निरनिराळे ताल धरून तोंडाने भलतीच लय म्हणत असे सांगतात, तेही याच कारणासाठी बाजूला ठेवू. सामान्यांचा पुरावा हवा असेल तर तो भजनात आहे. खेडेगावातल्या भजनी मंडळात नव्या टाळकऱ्याला कोणी मात्रा शिकवत नाही. त्याच्या हातात टाळ देतात आणि गजरात उभे करतात. तो गात असतो, पावली टाकत असतो, आणि हात त्या दोघांच्या मागून येतो. आठ मात्रांचा भजनी ठेका त्याच्या अंगात आधी गळ्यातून आणि पायांतून उतरतो. त्यातलाच एखादा पुढे पखवाजाला बसतो तेव्हा त्याला फक्त आघात शिकायचे उरलेले असतात. १९१७ साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथल्या परंपरेत पाठांतर, चाली आणि टाळ-मृदंग ही एकमेकांत मिसळलेली शिक्षणे आहेत. गोव्यात चतुर्थीला घुमट-आरती होते तिथेही हेच. घुमट वाजवणारी पोरे ती आरती लहानपणापासून म्हणत आलेली असतात, आणि शामेळाच्या बाजूला बसून घुमटावर पहिली थाप मारतात तेव्हा ताल त्यांना नवा नसतो. हे लोक पढंत करत नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. करतात. ते ती गाण्याच्या रूपात करतात आणि तिला पढंत म्हणत नाहीत, इतकेच.

याहून अवघड आक्षेप ढोल-ताशा पथकांचा आहे. पुण्यात जून-जुलैपासून नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांत सराव सुरू होतो. ज्याने आयुष्यात कधी टिपरू हातात धरले नाही असा महाविद्यालयातला मुलगा किंवा आयटी कंपनीतली मुलगी दोन महिन्यांत मिरवणुकीत उतरते आणि तासन्‌तास वाजवते. तिथे ना पढंत, ना टाळी-खाली. मग तुमचा सिद्धान्त कुठे राहिला? ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूतन मराठी विद्यालय या शाळांच्या पथकांपासून वाढत गेलेली ही चळवळ, आणि नवशिक्यांना इतक्या मोठ्या संख्येने वाद्याजवळ आणण्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. तबल्याच्या सगळ्या क्लासांना मिळून ते जमलेले नाही. पण पथकात लय कोण धरतो ते पाहा. ती ताशावाल्यांच्या हातात असते. गती ठरवणे, ताल बदलणे, थांबवणे ही त्यांची जबाबदारी. ताशाची काडी दोन ढोलठोक्यांमधली जागा बारीक ठोक्यांनी सतत भरत असते. नवशिक्या ढोलवाल्याच्या तोंडाचे काम ताशा करतो. शिवाय तो एकटा नसतो. आजूबाजूला चाळीस-पन्नास ढोल एकाच वेळी पडत असतात, त्यात त्याचा स्वतःचा ढोल त्यालाही वेगळा ऐकू येत नाही. दोन-चार चुकार ठोके त्या आवाजात जिरून जातात. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२४मध्ये पुण्यातल्या पथकांवर तीस वादकांची मर्यादा घातली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा सगळी चर्चा आवाजाच्या आणि परंपरेच्या अंगाने झाली. शिकण्याच्या अंगाने पाहिले तर त्या संख्येला आणखी एक अर्थ आहे: मोठे पथक नवशिक्याला सांभाळून घेते, आणि लपवूनही ठेवते. दोन वर्षे पथकात वाजवलेल्या वादकाला ताशाविना, एकट्याने, पाच मिनिटे एकच ताल एकाच गतीने वाजवायला सांगा. ज्याला जमेल तो तोंडाने तो ताल म्हणूनही दाखवील. ज्याला म्हणता येत नाही त्याचा ढोल मिरवणुकीच्या उत्साहाबरोबर चढत जातो. पथकाचा हेतू मिरवणुकीपुरता असेल तर यात बिघडत काही नाही. मात्र त्याला ताल शिकणे म्हणू नये.

हलगी, संबळ आणि तमाशातली ढोलकी यांच्या वादकांचा दाखला याच्यापेक्षा वजनदार आहे. या लोकांनी वह्या लिहिल्या नाहीत, परीक्षा दिल्या नाहीत, आणि त्यांच्या लयीपुढे पदवीधर तबलजी फिका पडावा अशी उदाहरणे महाराष्ट्रभर आहेत. पण ते वाद्याजवळ येतात ते कोणत्या तयारीने, हे विसरून चालणार नाही. गोंधळ्याच्या घरातले मूल चौकात उभे राहण्याआधी कित्येक रात्री संबळाच्या शेजारी झोपी गेलेले असते. हलगीवाल्याचा मुलगा पहिल्यांदा हलगी शेकतो त्याच्या कितीतरी आधी त्याने जेवणाच्या ताटावर ती वाजवलेली असते. त्यांच्याकडे ऐकण्याचे हजारो तास जमा असतात. आठवड्यातून दोनदा, तासभर, उपनगरातल्या क्लासात जाणाऱ्या मुलाकडे तो साठा नाही आणि तो कधी होणारही नाही. पढंत ही त्या नसलेल्या साठ्याची अपुरी का होईना, भरपाई आहे. जाता जाता हेही नोंदवायला हवे, की हलगीला अभ्यासक्रम मिळाला नाही याचे कारण तिच्या तालात नसून ती कोणत्या वस्तीत वाजते यात आहे. मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले हे वाद्य लग्नात, मयतीत आणि निवडणुकीच्या प्रचारात सर्वांना चालते, पण त्याच्या शिक्षकाला कोणी ‘गुरुजी’ म्हणून वर्गात बोलावत नाही.

पाश्चात्त्य ड्रमसेट शिकणारे म्हणतील, आम्ही पहिल्या दिवसापासून वाजवतो आणि आमचे चालते. त्यांचा पहिला ठेका पाहिला तर कारण दिसते. चार मोजणीच्या आवर्तनात पायाचा मोठा ड्रम पहिल्या व तिसऱ्यावर, स्नेअर दुसऱ्या व चौथ्यावर, आणि उजव्या हाताने हाय-हॅटवर प्रत्येक मोजणीत दोन, असे आठ सारखे ठोके. मधली जागा भरण्याचे काम त्या वाद्यातच बसवलेले आहे. हाय-हॅट म्हणजे काशाची जीभ. तबल्याच्या ठेक्यात असा अखंड बारीक ठोका नाही. त्यामुळे ड्रमसेटची रीत तबल्याला लावता येत नाही. शिवाय तिकडचे शिक्षकही आकड्यांच्या मध्ये अक्षरे घालून मोठ्याने मोजून घेतातच. दक्षिणेत मृदंग शिकताना सोल्लुकट्टू आधी म्हणून घेतात, आणि तिथल्या ‘तकधिमि’ या अक्षरांवरून स्फूर्ती घेऊन अमेरिकेतल्या संगीतशिक्षकांनी १९९६ साली त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी लयवाचनाची एक पद्धत प्रसिद्ध केली. जे त्यांनी आपल्याकडून उचलले ते आपल्याच क्लासांत वेळखाऊ म्हणून गाळले जात आहे.

आता मोबाईलचा प्रश्न. लेहरा आणि ठेका वाजवणारी ॲप आता सर्वांच्या खिशात आहेत. मग लयीची चिंता कशाला? ॲप उपयोगाचे आहे, पण ते परीक्षक म्हणून; शिक्षक म्हणून नाही. ॲपबरोबर वाजवणारे मूल चुकले की ॲप त्याला दर मात्रेला ओढून जागेवर आणते, आणि आपण लयीत आहोत असे त्याला वाटत राहते. स्टीव्हन्सची १८८६ची युक्ती इथे घरबसल्या करता येते: ठेका चालू ठेवून मुलाला बोल म्हणायला लावा, आवाज पूर्ण बंद करा, चार आवर्तने जाऊ द्या आणि आवाज परत चढवा. सम जुळली का, हे एका क्षणात कळते. किती चुकली यापेक्षा कोणत्या बाजूला चुकली हे अधिक बोलके असते. पुढे गेली असेल तर मधली जागा कापली गेली. मागे राहिली असेल तर मूल वाट पाहत बसले.

सर्वांत खरा आक्षेप कंटाळ्याचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. सहा वर्षांच्या मुलाला समोर तबला ठेवून ‘हात लावू नको, फक्त म्हण’ असे सांगणे क्रूरपणाचेच. पालकांना गॅदरिंगला वाजवून दाखवणारे मूल हवे असते, म्हणून दाखवणारे नको असते. शिक्षकाला दहा मुलांच्या तुकडीवर संसार चालवायचा असतो. म्हणून हात बांधून ठेवा असे मी म्हणत नाही. त्याने पहिल्या दिवशी तबल्यावर हवे तसे आघात करावेत, ‘ना’ घासून स्वच्छ करावा. फक्त ठेका हा प्रकार तोंडात पक्का होईपर्यंत हातात देऊ नये. यासाठी वर्षे लागत नाहीत. दादरा आणि केहरवा यांना काही आठवडे पुरतात. सुरुवात तीनतालाने करण्याचा हट्टही सोडावा. सोळा मात्रांचा पल्ला लहान मुलाच्या श्वासात मावत नाही. सहा मात्रांचा दादरा एका दमात म्हणून होतो, आणि त्याच्या वजनाची गाणी मुलांना येतच असतात. कंटाळ्याचे खरे कारण पढंत हे नसून मेलेली पढंत हे आहे. परीक्षांत टाळी देऊन ठेका म्हणून दाखवणे असतेच, पण ते पाढ्यांसारखे घोकून घेतले जाते: सगळी अक्षरे एका पट्टीत, एका जोराने, ‘धा’ आणि ‘ता’ यांत फक्त स्पेलिंगचा फरक. अशा म्हणण्याचा लयीला काडीचा उपयोग नाही. ‘धा’ छातीतून यायला हवा, ‘तिं’ दातांमागून; दहाव्या मात्रेला आवाजातला घुमारा जायला हवा आणि चौदाव्या मात्रेला परत यायला हवा. शिक्षकाने असे एक आवर्तन स्वतः म्हणून दाखवले तर दहा मुलांची तुकडी तबल्याला हात न लावता रंगते, आणि दहाही मुले एकाच वेळी शिकतात. एका जोडीवर पाळीपाळीने वाजवताना नऊ मुले नुसती बसलेली असतात.

म्हणून क्लास चालवणाऱ्यांना आणि परीक्षा घेणाऱ्यांना एक विनंती. विद्यार्थ्याला ठेका पहिल्या मात्रेपासून म्हणायला सांगू नका. नवव्या मात्रेपासून उचलायला सांगा, किंवा मध्येच थांबवून विचारा, सम किती मात्रांवर आहे. ज्याने आघात पाठ केले आहेत तो अडखळेल, ज्याला आवर्तन कळले आहे तो हसून सांगेल, आणि गुण कोणाला द्यायचे हे ठरवायला तुम्हाला दुसरे काही लागणार नाही. पालकांनो, दिवाळीनंतर मुलाचे नाव तबल्याला घालणार असाल तर जोडी विकत घ्यायची घाई करू नका. पहिले दोन महिने घरी मांडी आहे, टाळी आहे आणि तोंड आहे. रोज दहा मिनिटे केहरवा आणि दादरा म्हणून घ्या, आवाज चढेल तेव्हा लय चढते का याकडे लक्ष द्या, आणि मुलाला न थांबता, न पळता दहा आवर्तने म्हणता येऊ लागली की मग दुकानात जा.